सरपटणारा ज्युनिपर

जमिनीलगत चहूबाजूंनी पसरणारे सदाहरित सूचिपर्णी झुडूप. शास्त्रीय नाव ज्युनिपेरस हॉरिझाँटॅलिस. कुल सरूचेच, म्हणजे क्युप्रेसेसी. मोंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये दिलेल्या या नावातच झाडाचा स्वभाव आला आहे : वर जाण्यापेक्षा आडवे धावणे. उंची बहुधा १० ते ३० सेंमी.; पसारा मात्र दोन-अडीच मीटरपर्यंत सहज जातो. आयुर्वेदातील हपुषा (हाऊबेर) ही याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातीची, ज्युनिपेरस कम्युनिसची, फळे होत. दोन्हींची गल्लत करून बागेतल्या या झुडपाची फळे औषधात वा स्वयंपाकात वापरू नयेत.

मूळ घर उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग. अलास्कापासून कॅनडाभर आणि दक्षिणेकडे अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांपर्यंत ते रानात आढळते. पंचमहासरोवरांकाठच्या वाळूच्या टेकड्या, मेन राज्याच्या किनाऱ्यावरचे उघडे कातळ, प्रेअरीतील उतार अशा ठिकाणी वारा कोणालाच डोके वर काढू देत नाही. तिथे हे झुडूप अंग चोरून राहते. वाळू अंगावर चढली, तर गाडल्या गेलेल्या फांदीलाच मुळे फुटतात आणि शेंडा पुढे सरकतो. बागेत पसरलेल्या जुन्या झुडपाची एखादी फांदी हलकेच उचलून पाहावी. खालच्या अंगाला मातीत शिरलेली तांबूस मुळे दिसतात. उतारावरची माती धरून ठेवण्याचे याचे सामर्थ्य या मुळांत आहे.

कोवळी पाने सुईसारखी, टोचरी. पक्व पाने खवल्यांसारखी, फांदीला चिकटलेली. चुरगाळल्यास राळेचा वास येतो. नर आणि मादी झुडपे वेगळी. मादीला ५ ते ७ मिमी. व्यासाची, निळसर, वर पांढुरका मेणचट थर चढलेली फळे धरतात. खरे तर ते मांसल शंकूच. थंडी पडली की पानांचा निळा-हिरवा रंग जांभळटाकडे झुकतो. नवखा माळी हे पाहून झाड मेले असे समजतो आणि उपटायला निघतो. वसंतात रंग आपोआप परततो, म्हणून तोवर धीर धरावा.

बागेत रूढ असलेले वाण मुख्यतः रानात सापडलेल्या वेगळ्या झुडपांपासून आले. ‘विल्टोनाय’ म्हणजेच ‘ब्लू रग’ हा १९१४ मध्ये मेन राज्यातील व्हायनलहेवन बेटावर मिळाला. तो १०-१५ सेंमी.च्या वर जात नाही आणि खरोखरच अंथरलेल्या निळ्या गालिच्यासारखा दिसतो. ‘बार हार्बर’चे नाव त्याच किनाऱ्यावरील गावाचे. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हा कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील हाय रिव्हर परिसरातला. मॅनिटोबातील मॉर्डन संशोधन केंद्राने तो १९६७ मध्ये प्रसारात आणला. निव्वळ जमीन झाकायची असेल, तर ‘ब्लू रग’ला तोड नाही.

लागवडीत तीन गोष्टींना पर्याय नाही : दिवसाचे किमान सहा तास ऊन, पाण्याचा निचरा आणि पसरायला जागा. माती हलकी, रेताड, खडकाळ असली तरी चालते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी, कोरडा वारा, हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ हे सारे ते सोसते. पाणी साचलेली चिकणमाती मात्र त्याला मारते. मुळे कुजतात आणि वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात, त्यातही कोकणात, हे झाड न रमण्याचे कारण हेच : चार महिने ओल आणि उकाडा, आणि त्याला हवी असलेली खरी थंडी नाही.

दोन रोपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेल्या वीतभर रोपांमध्ये एवढी मोकळी जमीन पाहवत नाही, म्हणून लोक दाट लावतात. पुढे फांद्या एकमेकींवर चढतात, आतले ऊन बंद होते आणि मधला भाग करपून पडतो. गालिचा जुळून यायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर मोकळ्या जागेत सालीचा किंवा लाकडी चुऱ्याचा थर घालावा आणि तण हातानेच काढावे. हे झुडूप तण दाबते ते पुरते भरल्यावर. आधी तणच त्याला दाबते, आणि फांद्यांच्या जाळ्यातून वर आलेले गवत उपटणे फार जिकिरीचे. पहिली दोन वर्षे खोलवर पाणी द्यावे. नंतर फारशी गरज उरत नाही.

छाटणीत एकच चूक कायमची नडते. पाने गळालेल्या जुन्या लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही. पायवाटेवर आलेली फांदी कडेला सरळ रेषेत कापली, तर तपकिरी खोडक्यांची भिंत कायम समोर राहते. त्यापेक्षा वरची फांदी उचलून तिच्याखालची लांब फांदी आत जोडापाशी कापावी. काप झाकला जातो.

ओल्या वसंतात कोवळे शेंडे तपकिरी पडून वाळले, तर फोमॉप्सिस बुरशीचा संशय घ्यावा. रोगट शेंडे कोरड्या दिवशी कापून काढावेत आणि वरून तुषार पाणी देणे थांबवावे. पाने फिकट, धुळकट दिसली, तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर ती कोळी कीड (माइट) होय; पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती बरीच कमी होते.

घराच्या भिंतीला लागून मात्र हे झुडूप लावू नये. त्यात राळ असते आणि वरच्या हिरव्याखाली वाळक्या पानांचा थर साठतो. वणव्याच्या प्रदेशात एक ठिणगी पुरते.

नवी रोपे छाट कलमांपासून होतात, पण घरच्या बागेत दाब कलम सोपे : फांदीची खालची साल थोडी खरवडायची, ती जागा मातीत दाबायची आणि वर दगड ठेवायचा. मुळे भरपूर फुटली की मूळ झुडपापासून तोडून नव्या जागी लावता येते.