एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर? छोटी ऑटोमॅटिक गाडी घेण्याआधी

संध्याकाळी सातला हिंजवडीहून कोथरूडला यायचं म्हणजे डाव्या पायाची परीक्षा. पहिला, दुसरा, परत पहिला, न्यूट्रल, परत पहिला. वाकडचा पूल ओलांडेपर्यंत गुडघा बोलायला लागतो. असं वर्षभर काढलेला माणूस शोरूममध्ये शिरतो आणि विचारतो, "ऑटोमॅटिकमध्ये काय आहे?" समोरून उत्तर येतं, "सर, सगळ्यात आहे!" गफलत होते ती इथेच. छोट्या गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक म्हणून जे विकलं जातं, त्यात किमान दोन अगदी वेगळ्या जातीची यंत्रं आहेत. क्लचचं पेडल नसणं एवढंच त्यांच्यात सारखं.

एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, ही मुळात मॅन्युअलच गाडी. बहुतेक गाड्यांत तोच पाच गिअरचा बॉक्स आणि तीच कोरडी क्लच प्लेट असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मात्र तुमच्याऐवजी एक ॲक्चुएटर, म्हणजे क्लच-गिअर हलवणारी यंत्रणा, करतो, आणि ते कधी करायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. भारतात छोट्या गाडीत ती रुळली २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओपासून. मॅन्युअलवर साधारण ५० हजारांच्या आसपास जास्त मोजले की क्लचपासून सुटका होते. त्यामुळे वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, आय-१० निऑस अशी ती सगळीकडे पसरली.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट निराळी. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पायाने दाबायच्या क्लचसारखी प्लेट नसते, तेल असतं. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल ढकलतो आणि त्या रेट्याने समोरचा पंखा फिरतो. घासण्यासारखं काही नसल्यामुळे गाडी नुसत्या ब्रेकवर तासभर उभी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. सीव्हीटी तिची चुलत बहीण. तिच्यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो. पण उभ्या अवस्थेतून निघण्यासाठी बहुतेक सीव्हीटी टॉर्क कन्व्हर्टरच वापरतात, म्हणून मी तिला याच पारड्यात टाकतो. ड्युअल क्लच हा तिसरा प्रकार अल्ट्रोझमध्ये मिळतो. तो आज बाजूला ठेवू.

एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार असतात, हे खरं गोंधळाचं कारण. मारुतीच्या फ्राँक्समध्ये १.२ इंजिनाला एएमटी आहे आणि १.० टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. निसानच्या मॅग्नाइटमध्ये साध्या इंजिनाला एएमटी, टर्बोला सीव्हीटी. "आमच्या शेजाऱ्यांची ऑटोमॅटिक फ्राँक्स एकदम मऊ चालते" या माहितीवर तुम्ही भलतीच गाडी बुक करू शकता. ओळखायची खूण सोपी आहे: लिव्हरजवळची अक्षरं बघा. एएमटीवर सहसा आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) आणि मॅन्युअल मोडची अधिक-उणे चिन्हं असतात, 'पी' (पार्किंग) नसतो. 'पी' दिसला की गाडी दुसऱ्या जातीची. एएमटी उभी करताना हँडब्रेक ओढायचा आणि गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं, जसं मॅन्युअलमध्ये चढावर करतो तसं.

आता चढ. पुण्यात या दोघींमधला फरक कळतो तो इथेच.

बाणेर-बावधनच्या बऱ्याच सोसायट्यांत पार्किंग तळघरात आहे आणि वर यायचा रॅम्प चांगलाच उभा. रॅम्पच्या मधोमध समोरची गाडी थांबली, तुम्हीही थांबलात. ब्रेक सोडून पाय ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंतच्या क्षणात एएमटीची क्लच प्लेट अजून धरलेलीच नसते, आणि गाडी मागे सरकते. मागच्या गाडीतल्या काकांचा हॉर्न त्याच क्षणी वाजतो. हिल होल्ड असेल तर दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवला जातो, तेवढ्यात रेस द्यायची. नसेल तर जुनीच युक्ती: हँडब्रेक ओढा, हलकी रेस द्या, गाडी पुढे ओढ घ्यायला लागली की हँडब्रेक सोडा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाचा रेटा इंजिन नुसतं चालू असतानाही असतो, त्यामुळे किरकोळ चढावर गाडी मागे सरकत नाही. फारच उभ्या चढावर तीही सरकेल, पण पाय ॲक्सिलरेटरवर नेण्याइतका वेळ तुमच्या हातात असतो.

यापेक्षा महागात पडणारी सवय म्हणजे चढावर ब्रेक न दाबता, हलकी रेस देऊन गाडी जागेवर तोलून धरणं. सिंहगडच्या घाटात रविवारी सकाळी हे सर्रास दिसतं. वर गर्दी, वळणावर रांग, आणि एएमटीवाला रेसवर तोल सांभाळत उभा. म्हणजे सतत हाफ क्लच. प्लेट तापते, जळका वास येतो, काही गाड्यांत डॅशबोर्डवर इशाराही लागतो. मॅन्युअल चालवणारा असं करताना निदान स्वतःच्या पायाला जाणवतं. एएमटीत पायाला काहीच कळत नाही, खर्च मात्र तोच होतो. गॅरेजमध्ये "ऑटोमॅटिकची क्लच प्लेट कशी गेली?" असं विचारणाऱ्यांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं की त्यांच्या गाडीत प्लेट आहे.

मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या ट्रॅफिकलाही हेच लागू. ब्रेक सोडल्यावर एएमटी हळूहळू सरकते ती अर्ध्या धरलेल्या प्लेटवर. म्हणून दर फुटाला सरकत राहण्यापेक्षा समोर थोडी जागा होऊ द्यावी आणि एकदम पुढे जावं. अर्थात पुण्यात समोर जागा ठेवली की तिथे दोन स्कूटर घुसतात, हा भाग वेगळा.

झटक्यांबद्दल लोक फार बोलतात. मला तो मुद्दा तितका मोठा वाटत नाही. एएमटी गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे जाते. गिअर बदलायच्या बेताला ॲक्सिलरेटर जरासा सैल सोडायची सवय लागली की ते बरंचसं कमी होतं. ओव्हरटेकला मात्र जपून. सातारा रस्त्यावर ट्रकच्या बाजूने निघताना पाय दाबला तर एएमटी आधी विचार करते, मग गिअर उतरवते. तिथे लिव्हर मॅन्युअल मोडवर घेऊन आधीच खालचा गिअर टाकून ठेवावा. सीव्हीटीत वेगळाच वैताग असतो: इंजिन ओरडायला लागतं आणि वेग मागाहून येतो.

ॲव्हरेजचं काय? कंपन्या सांगतात ते 'एआरएआय मायलेज' जिच्या नावाने ओळखलं जातं ती गाड्या तपासणारी संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. कंपनीने जाहीर केलेले फ्राँक्सचे आकडे बघा: १.२ मॅन्युअल लिटरला २१.७९ किलोमीटर, तेच इंजिन एएमटीत २२.८९. टर्बो मॅन्युअल २१.५, टर्बो टॉर्क कन्व्हर्टर २०.०१. एएमटी मॅन्युअलच्याही पुढे, कारण कॉम्प्युटर आळस न करता लवकर वरचा गिअर टाकतो आणि कोरड्या प्लेटमधून जवळजवळ काही वाया जात नाही. तेलातून ताकद पाठवताना थोडी वाया जाते. रस्त्यावर यातला एकही आकडा मिळत नाही, पण क्रम बहुधा हाच राहतो.

उताराबद्दल एकच, पण ठासून. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना नव्याने सांगायला नको. तिथे कुठलीही गाडी न्यूट्रल करायची नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग आवरतं: एएमटीत मॅन्युअल मोडवर तिसरा किंवा दुसरा, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पॅडल किंवा लिव्हरवरचा 'एल' (लो). 'डी'त ठेवून नुसत्या ब्रेकवर येणारे वळणावळणाच्या घाटात ब्रेक तापवतात.

मग घ्यायचं काय? रोजचं जाणं-येणं सपाट रस्त्याने, बजेट ताणलेलं आणि घरात चालवणारं एकच माणूस असेल तर हिल होल्ड असलेली एएमटी पुरे. वर लाखभर कशाला घालता? आई-वडील चालवणार असतील, सोसायटीचा रॅम्प उभा असेल किंवा महिन्यातून दोनदा गाव घाट ओलांडून असेल, तर मी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच घ्या म्हणेन, भले एक व्हेरियंट खालचा मिळो. सनरूफ नसलं तर चालतं. आणि बहुतेक फिरणं पहाटे हायवेवर असेल तर मॅन्युअल घ्या नि उरलेल्या पैशांत चांगले टायर टाका. सीएनजी हवी असेल तर पर्याय मुळातच कमी. टाटाने २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीला एएमटी जोडली, तोवर कंपनीच्या सीएनजी गाडीत क्लच दाबणं भागच होतं.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सपाट, मोकळ्या रस्त्यावर नेईल. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. आग्रह धरून चढावर न्या, मध्येच थांबवा, ब्रेक सोडा आणि गाडी काय करते ते बघा. जुनी एएमटी घेत असाल तर आणखी एक बघा: मॅन्युअल मोडवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत असताना एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज वर गेला आणि वेग त्याच्याबरोबर वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. तो खर्च आधी किमतीतून वजा करून घ्या.