एआरटी चालू आहे, पण संसाराचं काय?

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, जिथे मिळतात त्या सेंटरवर वजन होतं, खोकला-ताप विचारतात, उरलेल्या गोळ्या मोजतात. शरीरसंबंधांचा विषय निघालाच तर कंडोमपुरता. इच्छाच होत नाही, ताठरता टिकत नाही, हे रुग्ण सांगत नाही आणि खोदून कुणी विचारत नाही. मग स्वारगेटच्या मुतारीतल्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीवरचा नंबर लागतो, नाहीतर लांबच्या पेठेतल्या मेडिकलमधून सिल्डेनाफिल, म्हणजे ‘व्हायग्रा’तलं ताठरतेचं औषध, येतं.

खरा धोका तिथेच आहे. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर द्यायच्या दुसऱ्या फळीच्या उपचारात लोपिनाविर किंवा अटाझानाविर या एचआयव्हीच्या औषधांच्या जोडीला रिटोनाविर असतं. यकृतातलं जे एन्झाइम सिल्डेनाफिलचा निचरा करतं, त्यालाच रिटोनाविर अडवून धरतं. रक्तातला औषधाचा एकूण भार त्यामुळे 11 पटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला 48 तासांत 25 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. दुकानात गोळ्या 50 आणि 100 च्याही मिळतात! त्यात छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. हल्लीच्या टीएलडी गोळीत (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) रिटोनाविर नाही, पण सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र घेण्याचा धोका तिथेही आहेच.

‘जोर गेला तो या गोळ्यांनीच,’ म्हणून एआरटी सोडणारेही भेटतात. विषाणू पुन्हा उसळतो, तक्रार तशीच राहते. कारण बरेचदा दुसरंच असतं: मधुमेह, तंबाखू, दारू, नैराश्य, नाहीतर कमी झालेलं टेस्टोस्टेरॉन. ते सकाळी तपासतात, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं.

भीतीचा वाटाही मोठा. ‘बायकोला लागण होईल’ या धास्तीने नवरा वेगळा झोपतो, ती भलताच अर्थ काढते. एकाला एचआयव्ही असलेल्या जोडप्यांवरच्या एचपीटीएन 052 या अभ्यासात भोसरीच्या ‘नारी’ (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) या संस्थेचाही सहभाग होता. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, असं त्यातून 2011 साली दिसलं. आज त्याहून पुढचं ठाऊक आहे: गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सतत ‘न सापडण्याइतका’ राहिला, तर संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे समुपदेशकाने नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून सांगायला हवं.

बायकांना तर कुणीच विचारत नाही. पाळी लवकर गेली की कोरडेपणा येतो, संबंध दुखतात. त्यावर घरोघरी खोबरेल तेल वापरतात. कंडोम वापरणार असाल तर ते नको, तेलाने लेटेक्स फाटतं. पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं.