सिव्हिलला डीन नसतो

जळगावात रिक्षावाल्याला ‘सिव्हिलला घ्या’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. ती जागा आता वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे; बोलण्यापुरतं ‘सिव्हिल’ चालून जातं. पण निवासी डॉक्टर जागेवर नसतात म्हणून जिल्हा शल्य चिकित्सकांना निवेदन देऊन फोटो काढणारे पुढारी आणि ‘सिव्हिलच्या डीनने सांगितले’ असं छापणारे वार्ताहर, यांचं काय करायचं? डीन म्हणजे अधिष्ठाता, महाविद्यालयाचा प्रमुख; तो असेल तर ते वैद्यकीय महाविद्यालय. सिव्हिलला सिव्हिल सर्जन, म्हणजेच जिल्हा शल्य चिकित्सक असतो.

सिव्हिल सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यावर फार बोलत नाही. खरं सिव्हिल म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाचं जिल्हा रुग्णालय. चोपडा, जामनेरसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि तालुक्यातली ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांच्याच हाताखाली. (प्राथमिक आरोग्य केंद्रं मात्र जिल्हा परिषदेची. तो घोळ आणखी वेगळा.)

महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. १९७० साली या शिक्षणाचं संचालनालय आरोग्य खात्यातून वेगळं झालं आणि तेव्हापासून दोन चुली आहेत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुनं. जळगावचं २०१८चं, नंदुरबारचं २०२०चं. नवं महाविद्यालय काढायचं तर चालतं रुग्णालय आधी दाखवावं लागतं. ते नव्यानं बांधण्यापेक्षा आहे ते जिल्हा रुग्णालयच जोडून देणं सरकारला सोपं. पाटी बदलली, इमारत तीच, म्हणून लोकांच्या तोंडी नावही तेच राहिलं.

आता याने पेशंटला काय फरक पडतो? पहिला फरक खिडकीवरच कळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय शिक्षणवाले त्यात नव्हते. म्हणून केसपेपरचे पैसे मागितले की खिडकीवरच्या माणसाशी ‘तुम्ही खाता’ म्हणून भांडण जुंपतं. पैसे घ्यावेत की नाही यावर जरूर भांडा, मीही येतो; पण ते मंत्रालयाशी. खिडकीवरच्या कारकुनाशी नव्हे.

दुसरा फरक युनिटचा, आणि खरी दमछाक इथे होते. शिकवणाऱ्या रुग्णालयात एका विभागाची दोन-तीन युनिटं, म्हणजे डॉक्टरांच्या तुकड्या असतात आणि त्यांचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. केसपेपरवर कोपऱ्यात युनिटचा आकडा खरडलेला असतो, तो कोणी वाचत नाही. मंगळवारी दाखवलेला यावलचा माणूस शुक्रवारी येतो, दुसरंच युनिट बसलेलं असतं, नवा निवासी डॉक्टर पहिल्यापासून विचारायला लागतो आणि पेशंट म्हणतो, ‘रोज डॉक्टर बदलतात.’ डॉक्टर नाही, वार चुकला. तपासणारा तरुण पदव्युत्तर विद्यार्थी असतो, तोही एमबीबीएस झालेला डॉक्टरच. त्याच्यावर प्राध्यापक असतात. ‘शिकाऊ पोरं हात लावतात’ ही ओरड मला अजिबात पटत नाही. रात्री दोन वाजता वॉर्डात तीच पोरं असतात.

तक्रारीच्या वाटाही वेगळ्या. महाविद्यालयात वैद्यकीय अधीक्षक, मग अधिष्ठाता, मग मुंबईचं संचालनालय. सिव्हिलची तक्रार जिल्हा शल्य चिकित्सकांकडून नाशिकच्या आरोग्य उपसंचालकांकडे.

नाशिक म्हटलं की लोक आरोग्य विद्यापीठाकडेही बोट दाखवतात. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. तुमच्या वॉर्डातल्या पंख्याशी त्याचा संबंध नाही. आणि फार्मसी कॉलेजवाल्यांनो, तुम्ही त्याच्याखाली येतच नाही.

माझं मत विचाराल तर धुळ्याची मांडणी बरी. महाविद्यालयाचं रुग्णालय चक्करबर्डीला गेलं आणि साक्री रोडवर जिल्हा रुग्णालय वेगळं उभं राहिलं. जळगावात शल्य चिकित्सकांकडे तालुक्याची रुग्णालयं आहेत, पण तिथून पाठवलेला पेशंट उतरतो तो डीनच्या दारात. ग्रामीण रुग्णालयाने नीट चिठ्ठी न देता पेशंट गाडीत घालून दिला, तर कोणी कोणाला जाब विचारायचा? दोघांचे साहेब वेगळे, खाती वेगळी, आणि पोर्चमध्ये स्ट्रेचर धरून उभे असलेले नातेवाईक दोघांनाही ‘सिव्हिलवाले’च म्हणतात.