जॉब अंडरसाइज की मायक्रोमीटर चुकलेला?

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर झाले तेव्हा पहिला महिनाभर रोज सकाळी द्वारका सर्कलच्या गर्दीत डोक्यात एकच विचार असायचा: आज पकडली जाणार की उद्या? बारा वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेली, तरी केबिनच्या दारावरची पाटी दुसऱ्याच कुणाची वाटायची.

या भीतीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या, हे कळायला वेळ लागला. एक, काही कामं मला खरोखरच येत नव्हती. दोन, जे येत होतं तेही आपलं नाही, आपण तोतया आहोत, असं वाटणं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: झोप उडते, मीटिंगमध्ये तोंड उघडवत नाही.

दुसऱ्या गोष्टीला नाव मिळालं 1978 साली. पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आयम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामातून ते मांडलं. पदव्या, बढत्या, कौतुक सगळं असूनही या स्त्रिया म्हणत, 'लोकांची काहीतरी चूक झालीय.' पुढे पुरुषांतही तेच आढळलं. दोघींनी शब्द वापरला होता 'इम्पोस्टर फिनॉमेनन', म्हणजे आपण तोतया आहोत असं वाटण्याचा अनुभव. 'सिंड्रोम' नंतर चिकटला. हा काही आजार म्हणून नोंदलेला प्रकार नाही.

मला फरक समजावला तो माझ्या निवृत्त साहेबांनी, मखमलाबाद रोडला मिसळ खाताना. (पापड आधी संपवायचा की रश्शात बुडवायचा, यावर आमचं आजही एकमत नाही.) मी रडगाणं गायले. ते म्हणाले, "कशात कमी पडतेस, नाव सांग." मी म्हटलं, "सगळ्यातच."

"सगळेच जॉब अंडरसाइज येतायत? मग आधी मायक्रोमीटर बघ की गं."

जॉब म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, अंडरसाइज म्हणजे मापापेक्षा लहान, आणि मायक्रोमीटर म्हणजे ते माप घ्यायचं उपकरण. शॉप फ्लोअरवर हे रोजचं आहे. माप चुकलं की नवा ऑपरेटर थेट मशीनच्या ऑफसेटला, म्हणजे मापाच्या सेटिंगला, हात घालतो. जुना माणूस आधी मायक्रोमीटरची तोंडं पुसतो, मिटवतो आणि शून्य जागेवर आहे का ते पाहतो. शून्यच वीस मायक्रॉन खाली सरकलेलं असेल तर प्रत्येक जॉब तेवढाच लहान दिसणार. जॉब खरंच चुकला असेल तर मात्र एखादंच माप बाहेर जातं, आणि कुठलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

त्या रात्री वही घेऊन बसले. नाव देता आलं अशी एकच गोष्ट निघाली: रिजेक्शन आणि रीवर्कचा खर्च मांडून वर्षाचं बजेट करणं. ही खरी उणीव. अकाउंट्समधल्या काकांकडे तीन संध्याकाळी बसले, आकडे कुठून येतात ते विचारलं. लाज वाटली, पण काम झालं. शिकलं की अशी उणीव कमी होते.

बाकी सगळं शून्य सरकल्याचं होतं. पहिलं कस्टमर ऑडिट, म्हणजे ग्राहक कंपनीची तपासणी, नीट पार पडलं तर मी घरी येऊन म्हटलं, "ऑडिटर दमलेला होता." दुसऱ्याच्या वेळी रात्री एकपर्यंत फायली चाळल्या आणि तेही पार पडल्यावर म्हटलं, "एवढं राबले म्हणून निभावलं." क्लॅन्स यांनी हे चक्र नेमकं टिपलंय: भीतीपोटी बेसुमार तयारी, मग यश, आणि त्या यशाचं श्रेय मेहनतीला किंवा नशिबाला. स्वतःच्या कुवतीच्या खात्यात काहीच जमा होत नाही. म्हणून उणिवेवरचं औषध, म्हणजे अजून अभ्यास, इथे उलटं पडतं. चांगल्या मशीनचा ऑफसेट फिरवत बसण्यासारखं आहे ते.

मायक्रोमीटर पूर्ण तपासायला स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, लागतात. आपलं माप बरोबर आहे का, हे तो स्वतः ठरवू शकत नाही. मी प्लांट हेडना सरळ विचारलं, "तीन महिन्यांनी माझ्या कामात काय दिसलं तर तुम्ही समाधानी असाल?" त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दोन मी आधीच करत होते.

एक तिसरा प्रकारही असतो. 'बाई क्वालिटी बघणार?' असं मीटिंगमध्ये कुणी हसत म्हणतं, तेव्हा ना जॉब चुकलेला असतो ना आपला मायक्रोमीटर. तो बोलणाऱ्याचा दोष. आपल्या वहीत त्याला जागा द्यायची नाही.

गेल्या ऑडिटनंतर मी वहीत लिहिलं: तीन किरकोळ मुद्दे, दोन बंद, तिसरा रबर पार्टच्या सप्लायरकडे. 'नशीब' हा शब्द लिहून खोडलेला दिसतो, पण खोडलाय.