रोज वीस शब्द घोकले की इंग्रजी येतं?

मराठी माध्यमातून मुंबईच्या कॉलेजात आलेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो: डिक्शनरी घ्या, रोज २० शब्द पाठ करा. हिशेबाने वर्षाला ७,३०० होतात. डोक्यात तेवढे उरत नाहीत. उजळणीविना घोकलेलं झपाट्याने विसरायला होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलंय.

शिवाय डिक्शनरीत गरजेचा आणि बिनगरजेचा शब्द शेजारी-शेजारी. भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या ‘ॲकॅडमिक वर्ड लिस्ट’ या यादीत ५७० शब्दकुलंच (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत, पण अभ्यासाच्या इंग्रजी मजकुराचा सुमारे १० टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. सुरुवात तिथून करा.

दिवसाला पाच-सहा शब्द पुरेत. कार्डाच्या एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि पाठ्यपुस्तकातलं अख्खं वाक्य. अर्थ झाकून आठवायचा; नुसतं वाचून शब्द ओळखीचा वाटतो, लिहिताना सुचत नाही. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, एकविसाव्या दिवशी. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्याही होते (चौथी सीट मिळाली तर चैनच). ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ एकाच दिवशी घेऊ नका, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

अख्खं वाक्य कशाला? मराठीत ‘विषयावर चर्चा’ करतात, म्हणून ‘डिस्कस’ला ‘ऑन’ चिकटतं. इंग्रजीत तिथे काहीच लागत नाही, हे वाक्यातूनच कळतं.