आक्वा दि जॉ: तुआलेत आणि पार्फम, नाव एक, वास दोन

"पार्फम घे ना, वास तोच आहे, फक्त जास्त टिकतो." अरमानी या इटालियन फॅशन कंपनीचा आक्वा दि जॉ हा पुरुषांचा सेंट, त्याचा एक जुना तुआलेत आणि एक नवा पार्फम, आणि तुआलेतऐवजी पार्फम घ्या म्हणून हे वाक्य मी दुकानात ऐकलंय, लग्नघरात ऐकलंय, ग्रुपवर तर कोणी ना कोणी टाकतच असतं, आणि त्यावर विश्वास ठेवून कोणीतरी चांगले घसघशीत पैसे घालवून बसतं. ते खरं नाहीये. बाटलीचा आकार तोच, नाव तेच, इतकंच काय सेंट बनवणारा माणूसही तोच, अल्बेर्तो मोरियास, पण त्याने हे दोन वेगवेगळे सेंट बनवलेत.

तुआलेत तुम्हाला माहितीच आहे म्हणून पटकन उरकतो. धुरकट पांढऱ्या काचेची बाटली, १९९६ सालचा, लिंबू, बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक सुवासिक फळ) आणि समुद्र. कंपनीचे डिझायनर जॉर्जो अरमानी सुट्टीला पांतेल्लेरिया बेटावर जायचे, सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधलं ज्वालामुखीचं खडकाळ बेट, तिथल्या समुद्रावरून हा सुचला. दादाच्या किंवा काकाच्या कपाटातून गुपचूप एक फवारा मारलेले आपल्यात बरेच निघतील.

उच्चाराचंही आत्ताच बोलून घेतो कारण ते मला फार खुपतं. "जिओ" नाही हो. ते सिमकार्ड. इटालियनमध्ये ग आणि ओ च्या मधला आय हा ग चा ज करायला येतो, त्याचा स्वतःचा आवाज होत नाही, म्हणून जॉर्जो आणि त्याचं लाडकं रूप जॉ. आपल्या देवनागरीत हे अगदी बरोब्बर लिहिता येतं, मग चुकीचं कशाला लिहायचं.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. आक्वा दि जॉया हा बायकांचा, २०१० चा, जॉया म्हणजे आनंद, त्याचा याच्याशी नावापुरता संबंध. बायकांचा आक्वा दि जॉ सुद्धा आहे आणि तो पुरुषांच्या आधी, १९९५ मध्ये आला, म्हणून ऑनलाइन घेताना "पूर ओम" म्हणजे पुरुषांसाठी हे लिहिलंय का तेवढं बघा. आक्वा दि जॉ प्रोफोंदो वेगळा, निळी बाटली, २०२०. स्ट्राँगर विथ यू हा एम्पोरिओ अरमानीचा, त्याला इथे आणू नका. अरमानी प्रिव्हे तर पूर्णच निराळं प्रकरण, पॅरिसला दाखवतात त्या ओत कुत्यूर, म्हणजे मापाने हाताने शिवलेल्या, कपड्यांचं नाव घेतलेली महागडी लाइन. आणि प्रोफुमो, २०१५ चा काळ्या बाटलीतला, तो बंद झाला, २०२३ चा पार्फम त्याच्या जागेवर आलाय. इटालियन प्रोफुमो आणि फ्रेंच पार्फम, शब्दाचा अर्थ एकच. दोघांत फरक आहे, पण वळण एकच.

आता मुख्य गोष्ट.

लोकांचा हिशोब असा असतो की तुआलेत म्हणजे पातळ, पार्फम म्हणजे दाट, जसं चहात पावडर जास्त टाकली की कडक होतो पण चहा तो चहाच. शब्दांचा अर्थ तसा थोडाफार आहेही, अल्कोहोलमध्ये सुगंधी तेल किती ते त्यातून कळतं, तुआलेतमध्ये साधारण ५ ते १५ टक्के, पार्फममध्ये साधारण २० च्या पुढे, पण हे आकडे कुठल्या कायद्याने बांधलेले नाहीत, प्रत्येक कंपनी आपापलं बघते. आणि आक्वा दि जॉच्या बाबतीत तर चहाचं उदाहरण चालतच नाही. इथे वरण आणि आमटी घ्या. वरण कितीही घट्ट केलं तरी त्याची आमटी होत नाही, आमटीला गोडा मसाला लागतो, चिंच-गूळ लागतो, ती वेगळीच करावी लागते. डाळ दोन्हीत तीच.

हे असं का, तर लिंबाची साल चिमटून बघा. भपकन वास येतो, छान येतो, आणि थोड्याच वेळात बोटाला काही उरत नाही, कारण सालीतलं लिमोनिन हलकं असतं आणि लगेच हवेत उडतं. तुम्ही त्याचं प्रमाण दुप्पट करा, तिप्पट करा, ते थोडं उशिरा उडेल पण उडणारच. म्हणजे लिंबू-बर्गमॉटवर उभा असलेला सेंट नुसता दाट करून दिवसभर टिकवता येत नाही. टिकवायचा असेल तर खाली जड काहीतरी घालावं लागतं, जे त्वचेवर बसून राहील, आणि जड वस्तूला तिचा स्वतःचा वास असतोच! हे लोकांच्या लक्षात येत नाही. टिकाऊपणा हवा म्हटलं की वास बदलण्याची किंमत मोजावीच लागते.

पार्फममध्ये ती जड वस्तू म्हणजे धूप आणि पॅचुली, आपल्या पाचेच्या कुळातली. वरती समुद्र आणि बर्गमॉट आहेच, मधे रोझमेरी, सेज, जिरेनियम असा हिरवट भाग, आणि मग खाली हा धूप हळूहळू वर येतो, ओल्या दगडावर कोणी धूप लावल्यासारखा. सुंदर आहे, मी नाही म्हणतच नाही. पण गंभीर आहे.

तुआलेतची मजा दुसरीकडे आहे. त्यातला समुद्र येतो कॅलोनमधून, हे फायझरच्या केमिस्टांना १९६६ मध्ये सापडलेलं रसायन, कलिंगड आणि खारा वारा यांच्या मधलं काहीतरी, आणि त्याला साथ देते हेडिओन, हेही रसायनच, वासाने जाईच्या कुळातली पण फुलासारखी गोड न होणारी, हवा खेळती ठेवणारी. लिंबू उडाल्यावर हे दोघं आणि पांढरी मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धर्तीचा स्वच्छ वास, राहते, म्हणजे आंघोळ करून नुकतंच बाहेर आल्यासारखं. यात धूप कुठेच नाही. गंभीरपणा कुठेच नाही.

आणि फसायला होतं ते नेमकं दुकानात. दोन्हींचा पहिला फवारा समुद्र आणि बर्गमॉट! कागदाच्या पट्टीवर मारायचं, नाकापाशी न्यायचं, "हो रे तोच आहे, जरा कडक आहे", कार्ड काढायचं, संपलं. वाटा वेगळ्या होतात त्या अर्ध्या तासानंतर, तेव्हा तुम्ही पार्किंगमध्ये असता किंवा विमानात बसलेले असता. म्हणून माझं ऐका, पट्टीवर नको, एका मनगटावर तुआलेत आणि दुसऱ्यावर पार्फम मारा, दुकानातून बाहेर पडा, जेवून या, मग वास घ्या. दोन मनगटं दोन वेगळ्या माणसांची वाटतील.

अजून एक, "पार्फम म्हणजे लांबपर्यंत जातो" हेही नेहमी खरं नसतं. टिकणं वेगळं आणि पसरणं वेगळं. हलक्या वस्तू लवकर उडतात म्हणूनच त्या खोलीभर पोचतात, तुआलेत पहिला तासभर चांगला दूरवर जातो, पार्फम अंगाजवळ राहतो पण रात्रीपर्यंत राहतो. आणि "माझा तुआलेत दोन तासांत गेला" म्हणणाऱ्यांनी शेजारच्याला विचारून बघा, पुष्कळदा आपल्या नाकाला सवय होऊन जाते आणि बाकीच्यांना अजून येत असतो.

माझं मत विचाराल तर ठाम आहे. दिवसा, उन्हात, मुंबई-कोकणच्या घामाच्या हवेत तुआलेतच, दुपारी परत एक फवारा मारावा लागला तर मारावा, त्यात कमीपणा काय आहे, अत्तराचा फाया बदलतातच की. पार्फम संध्याकाळचा, थंडीचा, एसी हॉलमधल्या रिसेप्शनचा. दोन्हींतला एकच ठेवायचा असेल तर मी डोळे मिटून तुआलेत ठेवीन, कारण धुपाचे चांगले सेंट जगात पुष्कळ आहेत पण असा मोकळा समुद्र दुसऱ्या कोणाला तितका जमलेला मला तरी वाटत नाही.

आमचे दाजी वीसेक वर्षं तुआलेत वापरतायत. त्यांच्या पन्नाशीला मी पार्फम आणला, काउंटरवरच्या मुलाने तेच वाक्य म्हटलं होतं, तोच आहे फक्त जास्त टिकतो. दाजींनी दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी अगदी हळू आवाजात ताईला म्हणाले, छान आहे गं, पण हा माझा नाही. ती बाटली आता ताईच वापरते, कुठे कार्यक्रमाला जायचं असेल तेव्हा, आणि तिला तो फार शोभतो. दाजींना मी मागच्या महिन्यात धुरकट काचेची १०० मिली नेऊन दिली.