दारावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे

'टेम्पोच्या दारावर ज्याचं नाव रंगवलंय तोच कायद्याने मालक' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पेंटरने ठसठशीत अक्षरांत काढलेलं नाव-गाव पाहून तसं वाटणं स्वाभाविकच. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार गाडी ज्याच्या नावे नोंदलेली, तो मालक. कर्जावर असेल तर करारानुसार जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती.

म्हणून टेम्पो विकताना काळजी घ्या. घेणाऱ्याने दारावर स्वतःचं नाव रंगवलं, तरी आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) तुमचंच असेल तर अपघाताच्या भरपाईची नोटीस तुमच्याच घरी येऊ शकते. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदललंय ना, ते नवी आरसी बघूनच खात्री करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकूनही नोंद दिसते. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं.